दिव्यांगत्वाची टक्केवारी चुकीची लागली तर: वैद्यकीय तपासणीविरुद्धच्या अपिलाबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे जाऊन आलेल्या आणि हातात अपेक्षेपेक्षा कमी टक्केवारीचे प्रमाणपत्र पडलेल्या माणसांबरोबर मी गेली काही वर्षे अर्ज लिहायला बसतो. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मला देता येणारी उत्तरे इथे मांडली आहेत. माझ्या पाहण्यातली जी अपिले फसली, ती बहुधा एकाच कारणाने फसली: अर्जदाराने आपली व्यथा चार पाने भरून लिहिली, पण कोणते मोजमाप चुकले हे एका ओळीतही लिहिले नाही. पुढची उत्तरे वाचताना ही गोष्ट मनात असू द्यावी.

चाळीस टक्के या आकड्याला एवढे महत्त्व का आहे?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता मिळाली. याच कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हटले आहे, आणि बहुतेक योजनांची दारे तिथूनच उघडतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग म्हणून नाव लागायचे तर किमान ४० टक्के लागतात. दिव्यांगांसाठीचे हे अनुदान २०२५ मध्ये महिना १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आले. एसटीच्या प्रवासभाड्यातील ७५ टक्के सवलत, सरकारी नोकरीतील आणि उच्च शिक्षणातील राखीव जागा यांचा उंबरठाही ४० टक्क्यांचाच आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला मात्र ८० टक्के लागतात. जुन्या करप्रणालीत दिव्यांग व्यक्तीला आयकरात मिळणारी वजावट ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,००० रुपये अशी आहे. म्हणून ३८ आणि ४० या आकड्यांत कागदावर दोनच गुणांचे अंतर दिसत असले, तरी घरात त्याचा अर्थ औषधांचा महिन्याचा खर्च निघतो की नाही, असा होतो.

चाळीसपेक्षा कमी टक्के लागले म्हणजे माणूस दिव्यांग नाही, असा अर्थ कोणी लावत असेल तर तो चुकीचा आहे. परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले की वाजवी सोयीसुविधांचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही. राखीव जागा आणि अनुदान यांसाठी मात्र आकडा लागतोच.

टक्केवारी नेमकी कोण ठरवते आणि कशाच्या आधारे?

कायद्याच्या कलम ५७ खाली सरकारने नेमलेले प्रमाणन प्राधिकारी, म्हणजे व्यवहारात जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा नेमून दिलेली अन्य संस्था, ही टक्केवारी ठरवते. डॉक्टरांच्या अंदाजावर ती सोडलेली नाही. कलम ५६ नुसार केंद्र सरकारने मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे राजपत्रात प्रसिद्ध केली आहेत. पहिली जानेवारी २०१८ मध्ये आली आणि सुधारित तत्त्वे मार्च २०२४ मध्ये. दृष्टी, श्रवण, अस्थिव्यंग, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार, रक्ताचे विकार अशा प्रत्येक प्रकारासाठी कोणती चाचणी करायची, कोणी करायची आणि गुणांची टक्केवारी कशी काढायची, हे त्यांत लिहिलेले आहे.

अपिलाचा सारा भार या दस्तऐवजावर आहे. आपल्या दिव्यांगत्वाच्या प्रकरणाची तेवढी पाने छापून घ्यावीत आणि अर्ज लिहिण्यापूर्वी वाचावीत. भाषा क्लिष्ट आहे, पण तक्ते सरळ आहेत, आणि दहावी शिकलेल्या भावाने किंवा मुलीने शेजारी बसून वाचून दाखवले तरी कुठे काय राहिले हे उमजते.

टक्केवारी ‘कमी लागली’ आणि ‘चुकीची लागली’ यांत काय फरक आहे?

या फरकावरच अपील टिकते किंवा पडते, म्हणून इथे जरा थांबतो. ‘मला फार त्रास होतो, तरी कमी टक्के दिले’ ही तक्रार खरी असू शकते, पण अपिलीय प्राधिकाऱ्याला तिच्यावर काही करता येत नाही. ‘अमुक चाचणी केलीच नाही’, ‘अमुक घटक मोजला नाही’, ‘बेरीज चुकली’ असे दाखवले की त्याला उत्तर द्यावे लागते. चुका साधारण ठरावीक ठिकाणी होतात.

पायाच्या दिव्यांगत्वात गतिशीलता आणि स्थिरता हे दोन घटक स्वतंत्र मोजायचे असतात. गतिशीलतेत सांधे किती अंश वळतात आणि स्नायूंत किती ताकद आहे हे पाहतात. स्थिरतेत माणूस तोल सांभाळून उभा राहू शकतो का, एका पायावर किती टिकतो, अशा गोष्टी येतात. सांध्याचे अंश कोनमापकाने मोजायचे असतात आणि स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदवायची असते. नोंदीच्या कागदावर अंशही नाहीत, श्रेणीही नाही आणि थेट ‘३५ टक्के’ असे लिहिलेले असेल, तर तो आकडा कुठून आला हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

दुसरी चूक एकाहून अधिक दिव्यांगत्वे असणाऱ्यांच्या बाबतीत होते. समजा, एखाद्या व्यक्तीचे पायाचे दिव्यांगत्व ३६ टक्के आणि कानाचे ३० टक्के आहे. दोन्ही वेगवेगळे पाहिले तर एकही ४० पर्यंत पोहोचत नाही, आणि पुष्कळदा प्रमाणपत्रात फक्त मोठा आकडा लिहिला जातो. मार्गदर्शक तत्त्वांतले सूत्र असे आहे: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले नव्वदमधून मोठा आकडा वजा, आणि या गुणाकाराला नव्वदने भागणे. इथे नव्वदमधून ३६ वजा जाता ५४ राहतात. ३० गुणिले ५४ म्हणजे १,६२०, त्याला ९० ने भागले की १८. आणि ३६ अधिक १८ म्हणजे ५४ टक्के. छत्तीस आणि चोपन्न यांच्यातला हा फरक कोणाच्या मर्जीचा नाही, गणिताचा आहे, आणि गणिताच्या चुकीवर केलेले अपील सगळ्यांत भक्कम असते. साधी बेरीज करून ६६ टक्के मागणेही तितकेच चुकीचे आहे, हेही लक्षात ठेवावे.

श्रवणदोषात दोन्ही कानांची सरासरी काढत नाहीत. चांगल्या कानाच्या टक्केवारीला पाचाने गुणून त्यात दुसऱ्या कानाची टक्केवारी मिळवायची आणि सहाने भागायचे. चांगला कान ५० आणि दुसरा ८० असेल तर उत्तर ५५ येते. अपील करण्यापूर्वी हे गणित घरीच करून पाहावे, कारण कधी कधी बोर्डाचे बरोबर आणि आपली अपेक्षा चुकीची निघते. एका डोळ्याने अजिबात न दिसणाऱ्या आणि दुसरा डोळा चांगला असणाऱ्या व्यक्तीला तत्त्वांनुसार ३० टक्केच मिळतात. हे अन्यायाचे वाटले, तरी अपिलात त्यावर उपाय नाही, आणि उगाच हेलपाटे घालण्यापेक्षा हे आधी कळलेले बरे.

याशिवाय संबंधित विषयाचा तज्ज्ञ नसताना तपासणी होणे, सादर केलेल्या अहवालाची नोंदच न होणे, आणि सुधारण्याची शक्यता नसलेल्या दिव्यांगत्वाला ‘तात्पुरते’ ठरवून एक-दोन वर्षांची मुदत घालणे या चुकाही अपिलात मांडता येतात. टक्केवारी योग्य असली तरी केवळ मुदतीविरुद्ध दाद मागता येते.

बोर्डाने मला दोन मिनिटांत बाहेर पाठवले. एवढे कारण अपिलाला पुरेसे आहे का?

एकटे पुरेसे नाही, पण त्या दोन मिनिटांत काय झाले आणि काय झाले नाही, हे लिहिले तर ते कामाला येते.

मी स्वतः शेजारी उभा राहून पाहिलेला एक प्रसंग सांगतो. लहानपणी पोलिओ झालेले एक शिलाईकाम करणारे गृहस्थ होते. चालताना ते उजवा हात उजव्या मांडीवर दाबून गुडघा मागे ढकलतात, तेव्हा पाय अंगाचा भार घेतो. त्यांच्या प्रत्येक पॅन्टला गुडघ्याच्या वर तळहाताएवढ्या जागेत कापड झिजून चकाकी आलेली असते. डॉक्टरांनी “चालून दाखवा” म्हटले. खोली लहान, फरशी सपाट, बाजूला टेबल. ते टेबलाच्या कडेला बोटे टेकवत चार पावले ताठ चालले. चार माणसांसमोर, साहेबांसमोर, कोणालाही आपण अगदीच लाचार दिसावे असे वाटत नाही. “चालून दाखवा” म्हटले की माणूस आपोआप सावरतो. गतिशीलतेचे गुण पडले, स्थिरतेचा रकाना कोरा राहिला. मांडीवरच्या हाताबद्दल कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

त्यांच्या अपिलात आम्ही ‘दोन मिनिटे’ हे शब्द लिहिले नाहीत. मांडीला हाताचा आधार दिल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, टेबलाचा आधार असताना तपासणी झाली, आणि स्थिरतेचे मोजमाप झाले नाही, अशी तीन वाक्ये लिहिली. फेरतपासणीत त्यांना मोकळ्या जागेत, कशाचाही आधार न देता उभे करण्यात आले.

तपासणी झाली त्याच दिवशी, घरी पोचल्यावर, घडलेले सगळे वहीत लिहून ठेवावे: तारीख, वेळ, खोलीत कोण होते, कोणते प्रश्न विचारले, कोणते उपकरण वापरले, कोणते कागद पाहिले आणि कोणते परत दिले. दोन महिन्यांनी आठवून लिहिलेल्या मजकुरात तो ठामपणा येत नाही.

तपासणीच्या नोंदी मला मिळू शकतात का?

होय, आणि त्या मिळवल्याशिवाय अपील लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्रमाणपत्रावर फक्त अंतिम आकडा असतो. तो कसा काढला हे मूल्यमापनाच्या कागदावर असते.

आधी रुग्णालयाला साधा लेखी अर्ज द्यावा आणि त्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्याची फी १० रुपये असून ती कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा, म्हणून त्यात गाऱ्हाणे मांडू नये, फक्त कागद मागावेत. मजकूर असा चालेल:

‘दिनांक … रोजी माझी दिव्यांगत्व तपासणी झाली. अर्ज क्रमांक … . त्या तपासणीचा मूल्यमापन तक्ता, प्रत्येक घटकाला दिलेले गुण, केलेल्या चाचण्यांचे अहवाल, तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची पदनामे आणि वापरलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा दिनांक, यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जाता येते. ‘ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही’ असे उत्तर कधी कधी मिळते. ती माहिती आपली स्वतःचीच आहे, हे तिथे शांतपणे लिहून द्यावे. ज्या रुग्णालयात पूर्वी उपचार झाले तिथल्या नोंदींसाठी वेगळी तरतूद आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे, म्हणून जुने कागद मागायला उशीर करू नये.

अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे?

कलम ५९ म्हणते की प्रमाणन प्राधिकाऱ्याच्या निर्णयाने व्यथित झालेली कोणतीही व्यक्ती राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, राज्याने ठरवलेल्या मुदतीत आणि पद्धतीने अपील करू शकते. म्हणून प्रमाणपत्र हातात पडले त्याच आठवड्यात जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयाला एक पत्र द्यावे: ‘माझ्या प्रमाणपत्राविरुद्ध अपिलीय प्राधिकारी कोण, त्यांचा पत्ता काय आणि मुदत किती, हे लेखी कळवावे.’ या पत्राची पोच जपून ठेवावी. उद्या उशीर झाल्याचा मुद्दा निघाला, तर आपण पहिल्या आठवड्यापासून विचारत होतो, हे ती पोच सांगते. नोंदींच्या प्रती यायला वेळ लागत असेल तर मुदत टळू देऊ नये. थोडक्यात अपील दाखल करून ‘कागद मिळाल्यावर पूरक निवेदन सादर करण्याची परवानगी असावी’ असे एक वाक्य घालावे.

मला प्रमाणपत्रच नाकारले आणि कारण फक्त तोंडी सांगितले. मी काय करावे?

लेखी नकार मागावा. अर्जदार पात्र नसेल तर तसे लेखी, कारणांसह कळवणे कायद्याने आणि नियमांनी बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांनुसार अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे. तोंडी नकाराविरुद्ध अपील लिहिता येत नाही, कारण खोडून काढायला कारणच हातात नसते.

अपिलाच्या अर्जात नेमके काय लिहावे?

दीड-दोन पाने पुष्कळ झाली. सुरुवातीला नाव, पत्ता, यूडीआयडी (केंद्र सरकारचे दिव्यांग ओळखपत्र) अर्जाचा क्रमांक, प्रमाणपत्राचा दिनांक आणि नोंदवलेली टक्केवारी. त्यानंतर एकेका चुकीचा एकेक परिच्छेद: बोर्डाने काय नोंदवले, मार्गदर्शक तत्त्वे काय सांगतात आणि पुरावा कोणत्या जोडपत्रात आहे. उदाहरणादाखल एक परिच्छेद देतो.

‘दिनांक … च्या प्रमाणपत्रात माझे अस्थिव्यंग ३६ टक्के नोंदवले आहे. मूल्यमापन तक्त्यात (जोडपत्र १) उजव्या पायाच्या गतिशीलतेचे गुण दिसतात. स्थिरतेचा रकाना कोरा आहे. माझ्या दोन्ही कानांच्या तपासणीचा अहवाल (जोडपत्र २) मी त्या दिवशी सादर केला होता, त्याची नोंद घेतलेली नाही. स्थिरतेचे मोजमाप आणि श्रवणदोषाची तपासणी करून, मार्गदर्शक तत्त्वांतील सूत्राप्रमाणे एकत्रित टक्केवारी काढावी, ही विनंती.’

यात डॉक्टरांवर एकही आरोप नाही. राग येणे साहजिक आहे. सहा वेळा हेलपाटे मारल्यावर कोणालाही येईल. तरीही ‘डॉक्टरांनी मुद्दाम केले’ असे लिहिले की समोरची यंत्रणा आकडा तपासण्याऐवजी आपल्या माणसाचा बचाव करू लागते. गैरवर्तन खरोखर झाले असेल तर त्याची तक्रार वेगळ्या अर्जाने करावी. विनंतीही स्पष्ट असावी: ‘न्याय मिळावा’ एवढ्याने काम होत नाही, ‘संबंधित तज्ज्ञाकडून फेरतपासणी व्हावी’ असे लिहावे.

खासगी डॉक्टरांच्या दाखल्याला किंमत असते का?

खासगी डॉक्टरांना टक्केवारी ठरवण्याचा अधिकार नसतो, म्हणून ‘यांना ६० टक्के अपंगत्व आहे’ या त्यांच्या वाक्याने फरक पडत नाही. त्याच डॉक्टरांनी ‘उजवा गुडघा ४० अंशांपलीकडे वाकत नाही, मांडीच्या स्नायूंची ताकद पाचपैकी दोन’ असे लिहून दिले, तर त्या कागदाला वजन येते, कारण तो बोर्डाच्या तक्त्याशेजारी ठेवून ताडून पाहता येतो. डॉक्टरांकडे जाताना मार्गदर्शक तत्त्वांची आपली पाने बरोबर न्यावीत आणि त्यातल्या शब्दांतच लिहून देण्याची विनंती करावी.

माझे दिव्यांगत्व वरून दिसत नाही, किंवा कधी कमी तर कधी जास्त असते. मी ते कसे सिद्ध करू?

मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया ही सर्व कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात, आणि सर्वाधिक चुकीच्या तपासण्या मी याच लोकांच्या पाहिल्या आहेत. तपासणीच्या दिवशी माणूस बरा दिसतो आणि तो बरा आहे असेच लिहिले जाते.

मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद आणि समज, काम अशा चार क्षेत्रांना प्रत्येकी शून्य ते चार गुण आणि आजाराच्या कालावधीला वेगळे गुण, मिळून वीस. एकूण सात गुणांपासून ४० टक्के सुरू होतात. आता पाहा: चार क्षेत्रांचे मिळून पाच गुण झाले आणि दीर्घ आजारपणाचे चार, तर बेरीज नऊ. तोच रुग्ण फक्त गेल्या काही महिन्यांची चिठ्ठी घेऊन गेला आणि कालावधीचा एकच गुण पडला, तर बेरीज सहा, म्हणजे ४० च्या खाली. पहिल्या उपचारापासूनचे जुने केसपेपर शोधून काढणे म्हणूनच इतके गरजेचे आहे, मग ते पत्र्याच्या पेटीच्या तळाशी का असेनात. शिवाय या तपासणीला घरातले जबाबदार माणूस बरोबर हवे, कारण “जेवता का?” या प्रश्नाला रुग्ण “हो” म्हणतो, आणि ताट हातात देऊन तीनदा सांगावे लागते हे त्याच्या आईलाच ठाऊक असते.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी वेदनेचे झटके किती वेळा आले, किती वेळा दाखल व्हावे लागले, रक्त किती वेळा चढवले, यांची तारीखवार यादी करून प्रत्येक तारखेसमोर डिस्चार्ज कार्ड जोडावे. कॅलेंडरवर केलेली खूण हाही आठवणीचा आधार आहे, पण पुरावा म्हणून रुग्णालयाचा कागदच लागतो. शाळेचा गैरहजेरीचा दाखला, कामावरच्या रजांचा हिशेब हेही जोडता येते.

फेरतपासणीच्या दिवशी काय काळजी घ्यावी?

मूळ कागद आणि प्रतींचे दोन संच न्यावेत. रोज वापरता ती काठी, कॅलिपर, श्रवणयंत्र, चष्मा बरोबर असावा. जे करता येत नाही ते करता येत नाही असेच सांगावे, आणि एकदा जमते पण दहा वेळा जमत नाही अशी गोष्ट असेल तर अगदी तसेच सांगावे. सांकेतिक भाषेचा दुभाषी, व्हीलचेअरसाठी तळमजल्यावरची खोली किंवा स्त्री-परिचारिका हवी असेल तर आठ दिवस आधी लेखी मागणी करावी.

वाढवून मात्र काहीही सांगू नये. ढोंगाचा एक क्षण डॉक्टरांच्या लक्षात आला की खऱ्या त्रासावरचाही विश्वास उडतो, आणि कलम ९१ नुसार दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अपील केल्यावर टक्केवारी आणखी घटू शकते का?

होय. फेरतपासणी म्हणजे नव्याने मोजमाप, त्यामुळे आकडा वर जाऊ शकतो तसा खालीही येऊ शकतो. ४२ टक्के मिळालेल्या व्यक्तीने ४५ साठी अपील करण्यात काही हशील नाही. कोणत्याही योजनेत त्या तीन टक्क्यांनी फरक पडत नाही. ३६ मिळालेल्याने आणि ८० च्या योजनेसाठी ७५ वर अडलेल्याने मात्र, मोजमापातली चूक दिसत असेल तर, जरूर पुढे जावे.

प्रमाणपत्र बरोबर आहे, पण तहसील कार्यालयाने अनुदान नाकारले. तेही इथेच मांडायचे का?

नाही. उत्पन्न, वास्तव्य, वय अशा कारणांनी अर्ज नाकारला गेला असेल तर तो विषय तहसील पातळीवरच्या समितीचा आणि महसूल यंत्रणेचा आहे. वैद्यकीय अपिलात तो मिसळू नये. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते: वैध प्रमाणपत्रावरील टक्केवारी तहसील कार्यालयातील कर्मचाऱ्याने नुसते पाहून कमी ठरवणे, “हे तर चालतात” असे म्हणून परत पाठवणे, याला कायद्यात आधार नाही. शंका असेल तर पडताळणीसाठी प्रमाणन प्राधिकाऱ्याकडे पाठवणे हा मार्ग आहे.

पैसे घेऊन टक्केवारी वाढवून देणारे एजंट भेटतात. त्यांच्याकडे जावे का?

कधीही जाऊ नये. आज मिळालेले खोटे प्रमाणपत्र उद्याच्या पडताळणीत रद्द होते आणि गुन्हा अर्जदाराच्या नावावर नोंदला जातो. शिवाय अशा प्रत्येक कागदामुळे खऱ्या दिव्यांगाकडे संशयाने पाहिले जाते. रुग्णालयातूनच कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

अपीलही फेटाळले गेले. पुढे काय?

पहिला मार्ग पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करण्याचा. आयुक्त स्वतः टक्केवारी बदलत नाहीत, पण नोंदी न देणे, कारण न कळवणे, अर्ज रखडवणे अशा बाबतीत शिफारस करू शकतात, आणि कलम ८१ नुसार संबंधित प्राधिकाऱ्याला त्यावर केलेली कार्यवाही तीन महिन्यांत कळवावी लागते.

दुसरा मार्ग उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेचा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यातील पर्वरी आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज चालते. न्यायालय स्वतः टक्के ठरवत नाही. नियमांप्रमाणे फेरतपासणी करण्याचा किंवा दुसऱ्या नामांकित संस्थेचे मत घेण्याचा आदेश देऊ शकते. महाराष्ट्रातील एका एमबीबीएस प्रवेशार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेला निकाल इथे आधाराला घेता येतो. केवळ आकडा लिहून चालणार नाही, विद्यार्थ्याला तो अभ्यासक्रम पूर्ण करता येईल की नाही हे मूल्यमापन मंडळाने कारणांसह नोंदवले पाहिजे, आणि मंडळाचे प्रतिकूल मत न्यायालयात तपासता येते, असे त्यात म्हटले आहे. तो निकाल प्रवेशासंबंधीचा आहे, पण कारणे नोंदवण्याचा त्यातला आग्रह आपल्या वकिलाला उपयोगी पडेल.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. दिव्यांगत्वच वादात असेल तर यांपैकी दुसऱ्या आधारावर किंवा उत्पन्नाच्या मर्यादेत अर्ज करावा.

माझे प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातले आहे. महाराष्ट्रात ते चालेल का?

चालेल. कलम ५८ नुसार प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे, मग ते गोव्याचे असो, बेळगावचे असो की इंदूरचे. अपील मात्र ज्या राज्याच्या प्राधिकाऱ्याने ते दिले, तिथल्याच पद्धतीने करावे लागते.

अपील मंजूर झाले. आता काय करायचे राहते?

सुधारित टक्केवारी यूडीआयडी पोर्टलवर चढली आहे का, हे स्वतः पाहावे. प्रमाणपत्र बदलले आणि पोर्टलवर जुनाच आकडा राहिला, तर तहसीलमध्ये तोच जुना आकडा दिसतो आणि अर्ज परत येतो. नवे प्रमाणपत्र आणि कार्ड डाऊनलोड करून त्यावरचे नाव, जन्मतारीख, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि ‘कायम’ की ‘तात्पुरते’ हा शब्द तपासावा. मग त्याची प्रत, जुन्या नकाराच्या पत्राच्या प्रतीसह, तहसील कार्यालयात नव्या अर्जाला जोडून द्यावी आणि आवक क्रमांकाची पोच घेऊनच बाहेर पडावे.